न लागलेलं दही

माझ्या घरमालकीणबाईंनी मला खोली दाखवण्याआधी माझे हात हुंगले.

साठीच्या दशकातली गोष्ट आहे. मी गुरांचा डॉक्टर म्हणून नुकताच नोकरीला लागलो होतो आणि नेमणूक लोणावळ्याला झाली होती. तिथे भाड्याच्या खोल्या होत्या, पण मुंबईची मंडळी हवा खायला आली की त्या रिकाम्या कराव्या लागत. आमच्या दवाखान्यातला शिपाई म्हणाला, "जवळच औंढे गावात एक बाई आहे. दही विकते. नवरा रेल्वेत होता, तो वारला. पडवीला लागून खोली आहे तिची. फक्त साहेब, जाताना हात स्वच्छ धुऊन जा." मला वाटलं, तो चेष्टा करतोय.

दारात पन्नाशीच्या पुढची एक उंच, हाडकुळी बाई उभी होती. नऊवारी लुगडं आणि त्यावर नवऱ्याचा रेल्वेचा निळा, जाड कोट. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाली, "हात बगू." मी हात पुढे केले. तिने ते नाकापाशी नेले, मग उजेडात धरले.

"साबन लावलाय," ती म्हणाली, "पन नखांत शेन हाय."

"मावशी, मी डॉक्टर आहे."

"मंग तर आदी धुवा."

अंगणातल्या दगडावर बसून मी नखं घासली तेव्हा कुठे खोली मिळाली. अटी दोनच होत्या. गोठ्यातून आलेले बूट उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत, आणि ती विरजण लावत असताना घरात कुणी बोलायचं नाही.

सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा. मी तिच्याकडे चार पावसाळे राहिलो. दुधाबद्दल कॉलेजात जे शिकलो होतो, त्यातलं निम्मं तिथे विसरावं लागलं आणि उरलेलं नीट समजलं.

संध्याकाळी अकरा घरांतून तिच्याकडे दूध यायचं. प्रत्येक तांब्या ती हुंगून घ्यायची. एखाद्याचा वास आवडला नाही तर भांडण नाही, कारण नाही, तांब्या परत हातात द्यायची आणि म्हणायची, "वासराला पाजा." मग चुलीवर तीन उकळ्या. दूध निवत आलं की करंगळी बुडवून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहायची. पुष्कळ दिवस मला तो मंत्र वाटत होता. एकदा धीर करून विचारलं.

"मंतर कसला? नवऱ्याच्या रेल्वेतल्या गँगमधल्या मानसांची नावं घेते. समदी नावं होईस्तवर बोट पोळलं न्हाई तर दूद बेतात आलं."

बाजारातून परत आलेली मडकी राखेने आणि कढत पाण्याने धुवायची आणि कुंपणाच्या खुंटांवर पालथी घालायची. याला ती 'मडक्यांना ऊन पाजणं' म्हणे. पावसाळ्यात मावळात ऊन कुठून आणायचं? मग ती निम्मंच दही लावायची. ऊन न प्यालेल्या मडक्यावर तिचा भरवसा नव्हता.

टोपली डोक्यावर घेऊन ती चालत लोणावळ्याला जायची, आणि तिथेही गिऱ्हाइकाचं भांडं हुंगल्याशिवाय दही घालत नसे. एकदा एका बंगल्यातल्या बाईंनी चांदीचं वाडगं पुढे केलं. मावशीने वास घेतला आणि म्हणाली, "काल यात मासळी व्हती."

बाई संतापल्या. "अगं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!"

बाईंच्या मागे उभा असलेला आचारी मात्र जमिनीकडे बघायला लागला होता. मावशीने ते वाडगं स्वतः नळावर घासलं, दही घातलं आणि पुढच्या दाराला गेली. हे मला त्या आचाऱ्यानेच पुढे सांगितलं. त्याची नोकरी राहिली, कारण मावशीने भांड्याचा वास ओळखला तरी माणसाचं नाव घेतलं नव्हतं.

अशा बाईचं दही एके दिवशी लागलं नाही.

सकाळी मी चहाला आत गेलो तर ती मडक्यांसमोर बसून होती. फडकं बाजूला केलेलं. आत काल रात्रीचं दूध जसंच्या तसं, पातळ. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. शेजारीण मीठमोहऱ्या घेऊन आली. म्हणाली, "मावशे, नजर लागली गं. त्या ठाकरवाडीवरल्या बाया रोज दारात येत्यात, त्यातल्याच कुनाची तरी."

"त्या दूद घालाय येत्यात," मावशी म्हणाली. "त्यांच्यावर बोट दाकवू नगंस. मोहऱ्या फोडनीला ठेव."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्यांचं दूध एकत्र करणं थांबवलं. कुंभाराकडून अकरा बोळकी आणली आणि प्रत्येक घराचं दूध वेगळं विरजलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून बोळक्यांवर कोळशाने खुणा केल्या. ज्याच्या दारात विहीर त्याला गोल, ज्याचा कुत्रा लंगडा त्याला तीन पायांचं जनावर, आणि सरपंचाच्या बोळक्याला मिशा.

सकाळी तिने मला हाक मारली. नऊ बोळक्यांत दही घट्ट होतं. दोघांत दूध तसंच होतं: एक मिशावालं, आणि एक डोंगराची खूण असलेलं, म्हणजे ठाकरवाडीवरच्या हौसाचं.

"या दोन घरांत काय सारकं हाय, डागदर?" तिने विचारलं. "एक मोठ्या वाड्याचं, एक झापातलं. चारा येगळा, पानी येगळं."

मला उत्तर माहीत होतं, पण ते उत्तर आहे असं वाटलं नाही. दोन्ही घरांच्या म्हशींना दगडी झाली होती. कास सुजते, टणक होते, दूध नासतं, त्याला तिकडे दगडी म्हणतात. मी त्या दोघींच्या सडांतून पेनिसिलीनच्या ट्यूबा सोडल्या होत्या. हे औषध तालुक्यात नवलाचं होतं. लोक त्याला 'नळी' म्हणायचे आणि नळीवाला डॉक्टर म्हणून मला हाका मारायचे. ती हाक ऐकायला मला आवडायचं.

"औषधाने दही बिघडत नाही, मावशी," मी म्हणालो. "आणि तुम्ही तीन उकळ्या देता. त्यात औषध राहीलच कसं?"

"बरं," ती म्हणाली.

तिने वाद घातला नाही. रोज त्या दोन घरांचं दूध वेगळं विरजत राहिली आणि भिंतीवर कोळशाने रेघ ओढत राहिली. मी शेवटची नळी दिल्यावर चौथ्या दिवशी दोन्ही बोळकी लागली. तिने मला भिंतीपाशी नेलं. "तुमचं औषद दुदात तीन दिस मुक्काम करतंय. उकळून बी जात न्हाई."

मी हसलो, पण दवाखान्यात गेल्यावर माझ्या मुंबईच्या सरांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. परदेशात चीज बनवणाऱ्यांना हा त्रास कधीचाच ठाऊक आहे. दही लावणारे जंतू पेनिसिलीनने मरतात, आणि उकळल्याने ते औषध सगळं जात नाही. तुझ्याच पुस्तकात आहे, उघडून बघ. मी उघडलं. होतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी तो भाग सोडला होता.

पोस्टकार्ड मी मावशीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"दही लावनारे जंतू मरत्यात. मंग रोगाचे समदे मरत्यात का?"

"मरतात की."

"समदे?"

मी पुन्हा "हो" म्हणालो. त्या 'हो'ची लाज मला अजून वाटते.

कारण त्याच सुमारास हौसाची म्हैस पुन्हा आजारी पडली होती. हौसा ही वाडीवरची तरुण बाई. नवरा जंगलात लाकूडतोडीला जायचा, आणि घरात एकच म्हैस. जिल्ह्याहून मला नळ्या मोजक्याच मिळायच्या आणि मागणारे फार. मग मी काय करायचो, तर जिथे ठरलेल्या सगळ्या नळ्या द्यायला हव्यात तिथे एखाद-दुसरीच द्यायचो. दुसऱ्या दिवशी सूज उतरलेली दिसायची, की उरलेल्या नळ्या दुसऱ्याच्या जनावराला. सगळ्यांना थोडं थोडं मिळावं, हा माझा हिशेब. लोक दुवा देत होते. हौसाच्या म्हशीला मी असं दोनदा बरं केलं. तिसऱ्यांदा दगडी उलटली तेव्हा मी घाबरून पुऱ्या नळ्या दिल्या, दुप्पट दिल्या. काहीही उपयोग झाला नाही. चारांतले दोन सड कायमचे गेले. उरलेलं दूध रेडकापुरतंसुद्धा नव्हतं.

हौसा मला बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुमी एवढा डोंगर चढून आलात, त्येच लय झालं." आणि पुढच्या आठवड्यापासून ती मावशीच्या दारात तांब्या घेऊन येण्याऐवजी खडी फोडायला जाऊ लागली.

मी त्या दिवशी घरी येऊन न जेवता पडून राहिलो. मावशी खोलीच्या दारात आली. हातात एक मडकं होतं.

"हे बगा."

आत दही होतं, पण कसलं दही! वर फेस, आणि पळी वर उचलली की चिकट तार सुटत होती. वास तर बोलायलाच नको.

"पयल्या दिशी जे लागलं न्हाई ना, ते मी टाकलं न्हवतं," ती म्हणाली. "त्यातलंच पळीभर रोज नव्या नळीच्या दुदात घालत गेले. कायबी व्हायचं न्हाई. मंग एक दिस हे असं झालं. औषद हाय तरी बी झालं. म्हंजी काय झालं असंल?"

मी उठून बसलो.

"चांगलं व्हतं ते मेलं," ती म्हणाली. "आन् जे नाठाळ व्हतं, औषदाला भीक न घालनारं, तेच तेवडं उरलं. त्याला मोकळं रान मिळालं. हौसीच्या म्हशीत बी ह्येच झालं न्हवं?"

माझ्या सरांनी हे मला फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं असतं. तिने ते तार सुटलेल्या दह्यात दाखवलं. म्हशीच्या कासेत नेमकं काय घडलं हे तपासायला माझ्याकडे तेव्हा साधनं नव्हती, पण मला शंका उरली नाही. मी थोडं थोडं औषध देऊन त्यातले लेचेपेचे मारले होते आणि चिवट ते पोसले होते.

"आता काय करू?" मी विचारलं.

"उद्या संध्याकाळी समदी दूद घालाय येतील. त्यास्नी सांगा."

"काय सांगू?"

"झालं त्ये."

आणि मी सांगितलं. तिच्या अंगणात, अकरा घरांच्या माणसांसमोर उभं राहून. मी नळ्या पुरवून पुरवून वापरल्या, हौसाची म्हैस माझ्यामुळे दुधातून गेली, तुमच्याही जनावरांचं तसं होऊ शकतं. मग सरपंच म्हणाले, "मंग ह्यो नळीचा उद्योगच नगं आमाला."

"नळी पायजे," मावशी म्हणाली. "पन पुरी पायजे. न्हाईतर आजिबात नगं. आन् नळी दिल्याली म्हस हितं वळखू आली पायजे."

तिनेच नियम घातला. नळी दिलेल्या जनावराच्या शिंगाला तांबडी चिंधी. दूध उकिरड्यावर. औषध संपल्यावर त्या दुधाचं बोळकं तिच्या घरी लागेपर्यंत चिंधी सोडायची नाही. लोक कुरकुरले. दूध उकिरड्यावर ओतायचं म्हणजे काय! सरपंचांनी दोनच दिवसांत चिंधी सोडून दूध पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ते न लागलेलं मिशांचं बोळकं हातात घेऊन भर रस्त्यातून त्यांच्या घरी गेली आणि ओट्यावर ठेवून आली. त्या दिवसापासून सरपंचांच्या म्हशी चिंधी बांधून पाण्यावर जाताना दिसू लागल्या.

नियम खरा रुजला तो मे महिन्यात. मावशीची स्वतःची एक म्हैस होती, काळीभोर, भरपूर दुधाची. तिलाच दगडी झाली. मी नळ्या आणल्या, पुऱ्या. मावशीने आपल्या हाताने चिंधी बांधली. गावातल्या चार जणांना त्या दिवसांत तिच्या अंगणात काही ना काही काम निघू लागलं. म्हातारी स्वतःचं दूध ओतते का, हे त्यांना बघायचं होतं.

आणि त्याच आठवड्यात खंडाळ्याच्या एका बंगल्यात लग्न निघालं. तिथला स्वयंपाक अंगावर घेतलेला तोच तो मासळीवाला आचारी धावत आला. श्रीखंडासाठी दही हवं होतं, पुष्कळ. उन्हाळ्यात बाकीच्या घरांचं दूध आटलेलं. मावशीच्या म्हशीशिवाय तेवढं दही होणं शक्य नव्हतं.

"मावशी, थोडं मिसळा की," तो म्हणाला. "दही लागलं म्हणजे झालं. खाणाऱ्याला काय कळतंय? माझी अब्रू तुमच्या हातात आहे."

मावशीने नुकतीच धार काढली होती. चरवी फेसाने भरलेली होती. ती आचाऱ्याकडे न बघता उकिरड्याकडे चालू लागली. मी आणि आचारी मागोमाग.

"लागायचं न्हाई त्ये. आन् लागलं तरी त्या लग्नात ल्हान पोरं जेवनार न्हवं?" ती म्हणाली. "त्यास्नी न झालेल्या दुखन्याचं औषद मी का पाजू? आन् उद्या खरंच दुखनं आलं तर त्यास्नी कंचं औषद लागू पडनार?"

तिने चरवी उलटी केली. ओतताना तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. तिच्या हातून दूध सांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते ओतताना तिला काय वाटलं असेल ते मी विचारलंही नाही. परत येताना ती आचाऱ्याला म्हणाली, "श्रीखंड न्हाई झालं तर बासुंदी करा. गवळ्याचं दूद मी हुंगून देते तुमाला." आणि खरोखरच त्याच्याबरोबर खंडाळ्यापर्यंत जाऊन तिने गवळ्याच्या सगळ्या घागरी हुंगल्या.

इतकी करडी बाई. म्हणून पुढची गोष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही. ती सांगितल्याशिवाय मावशी पुरी होत नाही.

माझ्या चौथ्या श्रावणात तिला ताप भरला. छातीत कफ. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. दोन दिवसांत ती उठून मडकी घासायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी मी कोनाड्यात काडेपेटी शोधत होतो, तर कुंकवाच्या जुन्या डबीत कापसात गुंडाळलेल्या कॅप्सूल सापडल्या. पाच.

मी तिच्यावर ओरडलो. चार वर्षांत पहिल्यांदा. गावाला उकिरडा दाखवणारी तुम्ही, आणि तुम्हीच औषध राखून ठेवता? ती लहान पोरासारखी खाली बघत ऐकत राहिली.

"शेजारच्या पोराची छाती वाजती," ती शेवटी म्हणाली. "आठ दिस झाले. त्याची आय लावनीला जाती, तिला एक दिस मोडता येत न्हाई. मला बरं वाटलं तर मी म्हनलं, ह्या त्याला व्हतील."

मी नळ्या वाटल्या होत्या त्या याच कारणाने.

पोराला सायकलवर बसवून मी लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मावशीची कॅप्सूल याच्या कामाची नव्हती आणि एवढ्या लहान पोराला तो डोसही झेपला नसता. त्यांनी त्याला वेगळं औषध दिलं, कागदाच्या खुणा चिकटवलेल्या बाटलीतलं. रोज तीन खुणा, पाच दिवस.

परत आलो तर मावशी दारातच होती. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "चुकलंच माजं," आणि डबीतली एक कॅप्सूल काढून माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली. "ती बाटली हिकडं आना. त्याच्या आयला येळ न्हाई, मला हाय."

पोराचं औषध तिने आपल्याकडे घेतलं. चौथ्या दिवशी पोराची छाती मोकळी झाली. पाचव्या दिवशी ते खेकडे धरायला भातखाचरात पळालं. त्याची आई लावणीवरून ओरडून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वं मावशी! बरा झालाय की त्यो आता!"

"बरा झालाय म्हनूनच!" मावशीने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. आणि एका हातात बाटली, एका हातात चमचा धरून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, ती त्या पोरामागे चिखलाच्या बांधावरून धावत सुटली.